बाईक आधी आपल्या अंगाची करून घ्या: क्लब रेसिंगमध्ये उतरू पाहणाऱ्या एका रायडरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंचे वय ३४ आहे, त्या दहा वर्षे मोटारसायकल चालवत आहेत आणि गेल्या दोन हंगामांत त्यांनी आठ-दहा ट्रॅक डे (बंद ट्रॅकवर, शर्यतीशिवाय वेगाने चालवण्याचे दिवस) केले आहेत. वजन ५२ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. क्लब रेसिंगसाठी त्यांनी ६५० सीसीची एक जुनी, रेससाठी तयार केलेली बाईक घेतली आहे, जी आधी एका पुरुष रेसरची होती. त्या लिहितात की जोरात ब्रेक लावताना हात भरून येतात, खडबडीत वळणावर मागचे चाक उसळते आणि लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ एका आकड्यावर येऊन अडली आहे. ‘माझी ताकद कमी पडते आहे का, वय निघून गेले आहे का, आणि पुरुषांच्या रांगेत एकटीने उभे राहणे प्रत्यक्षात कसे असते?’ असे तीन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आहेत.

मी चौदा हंगाम हौशी रेसर म्हणून क्लब रेसिंग केले आहे आणि गेली काही वर्षे नवशिक्या रायडरना ट्रॅकवर शिकवते आहे. माझे वजन तुमच्यापेक्षा तीन किलोंनी जास्त आहे, म्हणजे फरक फारसा नाही. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे मी पहिल्या दोन हंगामांत अनुभवली आणि त्या काळात तिन्हींचा दोष मी स्वतःच्या शरीराला दिला. ती निदानातली चूक होती. तुमची बाईक अजून तुमची झालेली नाही, ती आधीच्या मालकाच्या वजनासाठी, त्याच्या हातांच्या लांबीसाठी आणि त्याच्या सवयींसाठी लावलेली आहे. म्हणून ताकदीच्या प्रश्नाकडे जाण्याआधी मी स्प्रिंगबद्दल बोलणार आहे.

रस्त्यावरच्या बाईकची स्प्रिंग साधारण ७० ते ८० किलोंच्या रायडरचा विचार करून बसवलेली असते. रेससाठी बाईक तयार करताना ती बहुधा आणखी कडक केली जाते. हेल्मेट, लेदर सूट आणि बूट धरून आधीच्या मालकाचे वजन ९० किलो असेल, तर तुमचे त्याच पोशाखात ६१-६२ भरेल. त्याच्या वजनाला योग्य असलेली स्प्रिंग तुमच्याखाली पुरेशी दबतच नाही. मागची बाजू उंच राहते, बाईकचे तोंड खाली झुकलेले राहते, ब्रेक लावला की मागचे चाक हलके होऊन नाचते आणि वळणातल्या उंचवट्यावरून जाताना टायर जमीन सोडते. रायडरला मात्र वाटते की आपण घाबरत आहोत, आपल्याला बाईक दाबून धरता येत नाही. कोणालाही ती स्प्रिंग दाबून धरता येणार नाही, कारण तिला हवे असलेले वजन तिथे नाही.

हे मोजून पाहता येते आणि ते मोजणे अवघड नाही. दोन मदतनीस घ्या. बाईक हवेत उचलून, सस्पेन्शन पूर्ण मोकळे असताना, मागच्या चाकाच्या आसापासून वर सीटखालच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंतचे अंतर मोजा. मग बाईक जमिनीवर ठेवून ती नुसत्या स्वतःच्या वजनाने किती दबते ते मोजा आणि शेवटी पूर्ण पोशाख घालून, रेसमध्ये बसता तशा बसून पुन्हा मोजा. पुढच्या फोर्कलाही (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनलाही) तेच करा. तुम्ही बसल्यावर दोन्हीकडचा सॅग, म्हणजे सस्पेन्शन दबण्याचे अंतर, साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असावा आणि मागची बाजू नुसत्या बाईकच्या वजनाने ५ ते १० मिलिमीटर दबावी, हा सुरुवातीसाठी चांगला ठोकताळा आहे. आता खरी खूण ऐका. तुम्ही बसल्यावरचा सॅग बरोबर यावा म्हणून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) सैल करत गेलात आणि तो आकडा आला, पण त्या वेळी रिकामी बाईकच १५-२० मिलिमीटर दबू लागली, तर स्प्रिंग तुमच्यासाठी फार कडक आहे. प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त बाईकची उभी राहण्याची उंची बदलते. ही गोष्ट पॅडॉकमधले (ट्रॅकशेजारच्या तयारीच्या जागेतले) बरेच जण चुकीची सांगतात आणि मीही पहिला संपूर्ण हंगाम प्रीलोडचा नट फिरवण्यात घालवला. उपाय एकच आहे: मऊ स्प्रिंग बसवा आणि तिच्याबरोबर रिबाउंड डॅम्पिंगही (दबलेल्या स्प्रिंगच्या परत वर येण्याला होणारा अटकाव) कमी करा, कारण कडक स्प्रिंगला आवरण्यासाठी लावलेले डॅम्पिंग मऊ स्प्रिंगला परत वर येऊच देत नाही आणि सलग उंचवट्यांवर मागची बाजू खाली खाली बसत जाते.

माझ्या बाईकची मागची स्प्रिंग आणि फोर्कच्या दोन्ही स्प्रिंग दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर बदलल्या. त्याच ट्रॅकवर, त्याच टायरवर माझी लॅप जवळपास दोन सेकंदांनी कमी झाली. त्यातला काही भाग त्या दिवशीच्या हवामानाचा असू शकतो. पण वेगाने घ्यायच्या एका लांब उजव्या वळणात, जिथे मी दीड हंगाम थ्रॉटल (वेग देणारी मूठ) बंद करत होते, तिथे पहिल्यांदाच थ्रॉटल उघडे ठेवता आले, आणि ते हवामानाने घडत नाही. त्या संध्याकाळी मला आनंदापेक्षा राग जास्त आला होता, कारण दीड वर्ष मी स्वतःला भित्री समजत होते.

वजनाच्या नियमाने एका स्त्रीची कारकीर्द कशी अडवली, हे या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. १९६२ मध्ये बेरिल स्वेन यांनी आइल ऑफ मॅन टीटीच्या (त्या बेटाच्या रस्त्यांवर होणाऱ्या प्रसिद्ध स्पर्धेच्या) ५० सीसी शर्यतीत भाग घेतला. तिथल्या एकेरी (साइडकार नसलेल्या) बाईकच्या शर्यतीत उतरणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर रायडरच्या किमान वजनाची अट आली, ती त्यांना पूर्ण करता आली नाही आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय परवाना गेला. आज काही वर्गांत रायडर आणि बाईक यांचे एकत्रित किमान वजन मोजतात, उदाहरणार्थ मोटो३ या जागतिक स्पर्धेच्या लहान बाईकांच्या वर्गात ते १५२ किलो आहे. हा मार्ग न्याय्य आहे, कारण हलक्या रायडरला बाहेर न काढता तो बाईकवर वजन चढवू देतो. तुमच्या क्लबच्या वर्गात अशी अट आहे का, हे नियमपुस्तकात पाहून घ्या. नसेल, तर सरळ रस्त्यावर तुमचे हलकेपण तुमच्याच कामी येईल आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली तर मनावर घेऊ नका.

आता हातांकडे येते. ताशी २०० किलोमीटरवरून १०० वर येताना, ब्रेक चांगला लावला तर मंदनाचा (वेग कमी होण्याचा) जोर गुरुत्वाकर्षणाएवढा होतो. हे सगळे तीन सेकंदांच्या आत आणि सुमारे १२० मीटरमध्ये घडते. त्या काळात पोशाखासह तुमचे सगळे ६२ किलो पुढे ढकलले जातात. हा जोर मनगटांवर घेतलात, तर दर लॅपला सहा-सात वेळा तुम्ही तिरक्या भिंतीवर हात टेकून स्वतःचे वजन पेलत आहात असा त्याचा अर्थ होतो आणि पाचव्या लॅपनंतर कोणत्याही पुरुषाचे हातही तेवढेच भरून येतील. हा जोर मांड्यांनी घ्यायचा असतो. टाकीच्या दोन्ही बाजूंना चांगल्या पकडीचे रबरी पॅड लावा, फुटपेग (पाय ठेवायच्या खुंट्या) अशा जागी आणा की गुडघा टाकीच्या खोलगट भागात बसेल आणि सीटचा फोम असा कापून घ्या की मांडी व टाकी यांच्यात फट राहणार नाही. उंच रायडरसाठी लावलेले फुटपेग मागे आणि खाली असतात. त्यावर तुमची मांडी टाकीपर्यंत पोहोचत नाही, मग शरीर हातांवर लटकते. ताकदीच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवा की एकूण वजन कमी असल्याने त्याच मंदनासाठी ब्रेकच्या लिव्हरवर तुम्हाला वजनदार रायडरपेक्षा कमी जोर लावावा लागतो.

लिव्हर मात्र तुमच्या बोटांच्या आवाक्यात हवे. पुढच्या ब्रेकचे लिव्हर बोटाच्या पहिल्या पेराने धरता येत असेल तर दाब मोजून देता येत नाही. दुसऱ्या पेराच्या जवळ ते यायला हवे. बहुतेक लिव्हरना अंतर कमी-जास्त करण्याची चकती असते. क्लचच्या लिव्हरकडे नवशिके दुर्लक्ष करतात आणि मग सुरुवातीच्या दिव्याकडे पाहत क्लच धरून ठेवताना त्यांचा डावा हात थरथरतो. त्याचेही अंतर कमी करा, केबल स्वच्छ ठेवा आणि हँडलवरची लिव्हरची दिशा थोडी खाली वळवा. मनगट आणि कोपर सरळ रेषेत आले की निम्मा थकवा जातो.

पाय टेकत नाहीत म्हणून बाईक बुटकी करण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो घेऊ नका. बाईक खाली आणली की वळणात कललेली असताना तिचे भाग लवकर जमिनीला घासतात आणि वळण्याची चपळाई जाते. रेसमध्ये पाय फक्त सुरुवातीच्या रांगेत टेकायचा असतो आणि तोही एकच: सीटवरून थोडे डावीकडे सरकून डाव्या पायाचा चवडा जमिनीवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर. मी चौदा हंगाम असाच एक चवडा टेकून उभी राहिले आहे.

लेदर सूटबद्दलही थोडे आग्रहाने सांगते, कारण इथे तडजोड थेट हाडांवर येते. पुरुषांच्या मापाचा सूट खांद्याला बसला तर कंबरेला ढगळ आणि नितंबांवर घट्ट होतो. ढगळ सूटमध्ये कोपर आणि गुडघ्याचे संरक्षक पॅड घसरताना फिरतात आणि आघात होतो तेव्हा ते आपल्या जागी नसतात. माझ्या पहिल्या पडण्यात नेमके असेच झाले. कोपराचा पॅड दंडाच्या मागे गेला आणि कोपराची कातडी सोलून निघाली. सूट अंगावर चढवताना कष्ट पडावेत, उभे राहिल्यावर किंचित पुढे वाकल्यासारखे वाटावे आणि बाईकवर बसल्यावर तो सैल वाटावा. छातीच्या संरक्षकाचे स्त्रियांसाठीचे दोन भागांचे प्रकार मिळतात. सपाट एकसंध प्रकार श्वास अडवतो, आणि श्वास अडला की हात आधी थकतात. हातमोज्यांच्या बोटांना टोकाशी रिकामे चामडे राहू देऊ नका, ते लिव्हरमध्ये अडकते. हेल्मेट रेसिंगसाठी मान्य असलेल्या प्रमाणाचे आणि दुहेरी रिंगच्या पट्ट्याचे घ्या. डोके आपटले असेल तर ते हेल्मेट पुन्हा वापरू नका आणि त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर उतरू नका, तुम्हाला कितीही ठीक वाटत असले तरी.

तांत्रिक तपासणी आणि कागदपत्रे यांत अवघड काही नाही, फक्त काळजी लागते. इंजिन ऑइलचा बोल्ट आणि फिल्टर तारेने बांधलेला असावा, खालचे आवरण सांडलेले तेल धरून ठेवणारे असावे, आरसे, स्टँड आणि दिवे काढलेले असावेत, आणि रेडिएटरमध्ये रस्त्यावरच्या बाईकचे कूलंट नसावे, कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले तर पाण्यासारखे वाळत नाही आणि मागून येणारा त्यावर घसरतो. ही तार बांधण्याचे काम स्वतः शिका. मी पॅडॉकमध्ये पाना हातात घेतला की तो काढून घ्यायला कोणीतरी सज्जनपणाने पुढे येत असे. सुरुवातीला मी देत असे. एकदा तसा दिलेला बोल्ट सराव फेरीत सैल झाला, आणि तेव्हापासून माझ्या बाईकचा प्रत्येक बोल्ट शेवटी माझ्याच हाताने तपासला जातो. बिअट्रिस शिलिंग यांचे नाव मी अशा वेळी नव्या मुलींना सांगते. त्या अभियंता होत्या, आपल्या नॉर्टन मोटारसायकलवरचे काम स्वतः करत आणि १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाची फेरी घेऊन त्यांनी तिथले सुवर्णतारा पदक मिळवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनातला इंधनपुरवठ्याचा दोष दूर करणारे छोटे उपकरणही त्यांनीच बनवले. बाईक समजून घेणे आणि ती वेगात चालवणे या दोन गोष्टी त्यांच्या बाबतीत वेगळ्या काढताच येत नाहीत.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी काय होते ते सांगते. क्लबमध्ये शर्यत छोटी असते, बहुधा सहा ते दहा लॅपची, आणि नवशिक्यांना अंगावर वेगळ्या रंगाचे जाकीट किंवा बाईकवर तशी खूण असते. जागा सराव फेरीच्या वेळेवर ठरते किंवा चिठ्ठीने. निवड तुमच्या हाती असेल तर पहिल्या दोन शर्यती शेवटच्या रांगेतून सुरू करा. ट्रॅक डेला तुम्ही कधीही पंचवीस बाईकांबरोबर एकाच क्षणी पहिल्या वळणात शिरलेल्या नसता आणि तो अनुभव पाहूनच शिकावा लागतो. आवाज एवढा असतो की स्वतःचे इंजिन ऐकू येत नाही, म्हणून आरपीएमचा काटा आधी पाहून ठेवावा, मग फक्त दिव्याकडे पाहावे. क्लच अर्धा सोडून बाईक सुटली की थ्रॉटल स्थिर ठेवून उरलेला क्लच हळूहळू सोडायचा. पुढचे चाक उचलले जाऊ नये म्हणून छाती टाकीवर टेकवायची. हलक्या रायडरची सुरुवात सहसा चांगली होते, म्हणून पहिल्या वळणापर्यंत तुम्ही काही जणांच्या पुढे असाल. तिथे ब्रेक नेहमीपेक्षा थोडा आधी लावा आणि आपली रेषा (वळणातला ठरलेला मार्ग) सोडू नका. तुमच्या मागून आणि बाजूंनी लोक जातील, जाऊ द्या.

झेंडे घरीच पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला मागे टाकायचे नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली, वेग कमी करून पिटकडे (ट्रॅकच्या कडेला बाईक थांबवण्याच्या जागेकडे) वळा. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे रस्त्याची पकड कमी आहे. निळा म्हणजे मागून वेगवान रायडर येत आहे, तेव्हा तुम्ही आपली रेषा धरून सरळ चालवत राहा, बाजूला होण्याची धडपड करू नका. काळ्या झेंड्यावर नारिंगी वर्तुळ आणि सोबत तुमचा क्रमांक दिसला तर तुमच्या बाईकमध्ये दोष दिसला आहे. ताबडतोब रेषेबाहेर होऊन थांबा, कारण ते सांडणारे तेल बहुधा तुमचेच असते.

मागे टाकण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण एकटी स्त्री असण्याचा प्रश्न प्रत्यक्षात तिथेच समोर येतो. बहुसंख्य रायडर तुम्हाला इतरांसारखेच वागवतात, पॅडॉकमध्ये हत्यारे देतात, पडलात तर बाईक ढकलायला येतात. मला मिळालेली सर्वांत मोलाची शिकवण एका वयस्कर रायडरने दिली, ज्याने मला सलग तीन शर्यतींत हरवले आणि नंतर माझी चूक जागा दाखवून सांगितली. पण काही जणांना स्त्रीने मागे टाकलेले सहन होत नाही, आणि त्याची खूण ट्रॅकवर स्पष्ट दिसते: तुम्ही पुढे गेल्यावर पुढच्याच वळणात तो रायडर आपल्या मर्यादेपलीकडे उशिरा ब्रेक लावतो. अशा वेळी अहंकार बाजूला ठेवून त्याच्या चुकीचा उपयोग करून घ्यावा. उशिरा ब्रेक लावणारा वळणाच्या बाहेर फेकला जातो, त्याला थ्रॉटल उघडायला वेळ लागतो. तुम्ही त्याच्याशी ब्रेकची चुरस न करता नेहमीच्या जागी ब्रेक लावा, वळणाच्या आतला बिंदू थोडा उशिरा गाठा, बाईक लवकर सरळ करा आणि त्याच्या आतल्या बाजूने बाहेर पडा. माझ्या दुसऱ्या हंगामात असाच एक रायडर माझ्या हँडलला धडकला. मी पडले नाही, पण हात सुन्न झाला. शर्यतीनंतर मी त्याच्याकडे गेले, कोणत्या वळणावर काय झाले ते आवाज न चढवता सांगितले. पुन्हा तसेच घडल्यावर शर्यत अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली आणि माझ्या बाईकवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण सोबत जोडले. त्याला ताकीद मिळाली. तक्रार केली तर लोक ‘बायकांना झेपत नाही’ म्हणतील, या भीतीने मी पहिल्या वेळी अधिकाऱ्यांकडे गेले नव्हते. ते चुकले, कारण असा रायडर पुढच्या शर्यतीत दुसऱ्या कोणाच्या अंगावर जातो.

आता पडण्याबद्दल, कारण ते होणार आहे. माझा मोठा अपघात तिसऱ्या हंगामात झाला. त्या ट्रॅकवर बहुतेक वळणे उजवी होती. लाल झेंड्याने शर्यत थांबली, पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही बराच वेळ उघड्यावर उभे होतो आणि टायर वॉर्मर लावायला परवानगी नव्हती. वॉर्मर टायरला सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि ती उष्णता काही मिनिटांत ओसरू लागते. शिवाय उजव्या वळणांत टायरची डावी बाजू तापतच नाही, आणि हलक्या रायडरचा टायर आधीच हळू तापतो. पहिल्या डाव्या वळणातून बाहेर पडताना मी नेहमीसारखा थ्रॉटल उघडला, मागचे चाक बाहेर सरकले, आणि मी घाबरून थ्रॉटल एकदम बंद केला. सरकणाऱ्या टायरला अचानक पकड मिळाली, बाईकने मला वर उडवले आणि गळपट्टीचे हाड मोडले. चाक सरकले त्या क्षणी थ्रॉटल तसाच ठेवला असता, किंवा अगदी थोडा कमी केला असता, तर बहुधा मी खाली घसरले असते आणि सूट झटकून उठले असते. हातातले थ्रॉटल एकदम सोडून देण्याची ही सवय रस्त्यावर चालवून लागते आणि ती काढायला मला मातीच्या मैदानावर छोट्या बाईकवर एक पूर्ण हिवाळा सराव करावा लागला. तुम्हीही तो सराव पडण्याआधीच करा.

तीन महिन्यांनी परतले तेव्हा हाड जुळले होते, पण प्रत्येक डाव्या वळणात मी नकळत हळू होत होते. लॅपच्या नोंदींत ते स्वच्छ दिसत होते: सगळी तूट डाव्या वळणांत. भीतीशी भांडून मला काही साधले नाही. मी त्या वळणांसाठी ब्रेकची खूण दहा मीटर आधी आणली आणि बाकी सगळे तसेच ठेवले. ते सहज जमू लागले की खूण दोन-दोन मीटर पुढे नेली. पूर्ववत व्हायला पाच शर्यती लागल्या. स्पेनच्या रेसर आना कार्रास्को यांना सप्टेंबर २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या एस्तोरिलच्या सरावात झालेल्या अपघातात मणक्याची हाडे मोडली होती, आणि जून २०२१ मध्ये त्यांनी इटलीतल्या मिसानोला शर्यत जिंकली. ती व्यावसायिक रायडरची गोष्ट आहे, तिच्यामागे डॉक्टर आणि प्रशिक्षक असतात. हौशी रायडरने घाई करू नये. तुमच्या नोकरीला आणि घराला तुमचे दोन्ही हात हवे आहेत.

पाळीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. एकसंध सूट काढायला आणि घालायला पाच-सात मिनिटे जातात आणि शर्यतीची हाक तेवढ्या वेळात येऊन जाते, म्हणून दिवसाचे वेळापत्रक हातात आले की स्वच्छतागृहाच्या वेळा त्याच्याबरोबरच ठरवून टाका. वेदनाशामक गोळी घेणार असाल तर ती आधी घरी घेऊन पाहिलेली असावी, झोप आणणारी कोणतीही गोळी त्या दिवशी चालणार नाही. रक्तस्राव जास्त होत असेल तर रक्तातले लोह तपासून घ्या. माझ्या एका हंगामातला ‘न समजणारा’ थकवा तिथे सापडला होता. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही चूक बऱ्याच जणी करतात. चामड्याच्या सूटमध्ये उन्हात बसल्यावर शरीरातले पाणी भराभर जाते आणि शेवटच्या दोन लॅपमध्ये निर्णय चुकू लागतात.

वयाबद्दल थोडक्यात. मी पहिली शर्यत ३१ व्या वर्षी केली आणि माझी सर्वांत वेगवान लॅप ४० नंतरची आहे. क्लब रेसिंगमध्ये चाळिशी-पन्नाशीतले रायडर नेहमीच असतात आणि त्यांतले काही फार वेगवान असतात. वयाने बरे व्हायला वेळ लागतो, एवढा फरक खरा आहे. म्हणून पायांचा, पोटाचा, पाठीचा आणि मानेचा व्यायाम वर्षभर चालू ठेवा. हातांना वेगळे पिळून काढण्याची गरज नाही.

स्त्रियांच्या वेगळ्या शर्यतींबद्दल माझे मत बदललेले आहे. कार्रास्को यांनी २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० या लहान बाईकांच्या वर्गाचे जागतिक विजेतेपद पुरुषांबरोबरच्या शर्यतींत, एका गुणाच्या फरकाने मिळवले, तेव्हा मला वाटले होते की आता वेगळ्या वर्गाची गरजच नाही. पण २०२४ मध्ये स्त्रियांसाठी सर्किट रेसिंगची जागतिक स्पर्धा सुरू झाली, सगळ्या जणी यामाहाच्या एकाच प्रकारच्या बाईकवर, आणि तिचे पहिले विजेतेपदही कार्रास्को यांनीच घेतले. पुढच्या वर्षी स्पेनच्याच मारिया एरेरा जिंकल्या. त्या शर्यती पाहताना जाणवले की वीसहून अधिक अनुभवी स्त्रिया एका रांगेत उभ्या असल्या की ‘ही बाई कशी चालवते’ हा प्रश्नच उरत नाही आणि फक्त कोण पुढे आहे एवढेच उरते. तो अनुभव नव्या मुलींना मिळायला हवा. क्लबमध्ये मात्र मी मिश्र वर्गातच उतरते आणि तुम्हीही उतरा, कारण तिथे तुमच्या वेगाचे रायडर जास्त असतात आणि शिकणे त्यांच्यामागूनच होते. ‘सर्वांत वेगवान महिला’ असा करंडक मिळाला तर तो जरूर स्वीकारा, पण वहीत लिहिताना संपूर्ण वर्गातला आपला क्रमांक लिहा.

वही म्हणजे खरीखुरी वही. प्रत्येक वेळी ट्रॅकवरून आल्यावर हवेचे आणि ट्रॅकचे तापमान, टायरमधला थंड आणि गरम दाब, सस्पेन्शनचे स्क्रू किती टिचक्या फिरवलेले आहेत, प्रत्येक लॅपची वेळ आणि कोणत्या वळणात काय वाटले हे पाच मिनिटांत लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या हंगामात माझ्या एकाच शर्यतीतल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू लॅपमध्ये चार सेकंदांचा फरक असे. तिसऱ्या हंगामात तो एका सेकंदाच्या आत आला आणि निकालातला बहुतेक फरक त्यानेच पडला.

तेव्हा पुढच्या ट्रॅक डेच्या आधी दोन मदतनीस, एक मोजपट्टी आणि पूर्ण पोशाख घेऊन सॅग मोजा. पुढचे आणि मागचे, रिकाम्या बाईकचे आणि तुम्ही बसल्यावरचे, असे चार आकडे मला कळवा. सोबत फोर्कच्या आणि मागच्या स्प्रिंगवर छापलेला क्रमांक कळवा आणि तुम्ही बाईकवर बसलेल्या असताना बाजूने काढलेला एक फोटो पाठवा, ज्यात गुडघा आणि टाकी यांच्यातली फट दिसेल. त्यावरून स्प्रिंग किती मऊ हवी आणि फुटपेग किती पुढे आणायचे, हे आपण ठरवू. पहिल्या शर्यतीचा अर्ज मात्र त्याची वाट न पाहता भरून टाका, कारण नवशिक्यांच्या जागा लवकर भरतात.